गुरुवारचा भाग

आमच्या गल्लीच्या टोकाला वीजमंडळाचं मोठं ऑफिस,
तरी गुरुवारी वीज आमचीच जायची.
एस्तेर म्हणायची, दिव्याखालचा अंधार तो हाच,
रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, बिल वेळेवर भरून.

दुपारी दोनला लागायची ती मालिका.
सोमवार ते शुक्रवार, पंधरा भाग,
तीन आठवडे झाले की पुन्हा पहिला.
विलायतेतलं एक गाव, गावात टपालकचेरी,
पिल्बीम नावाचा पोस्टमास्तर,
शिक्का मारण्याआधी पाकिटाची माफी मागणारा.
मिस टॉफम, जिची सायकल
चढावर तिच्याआधी दमते.
आणि एक पाद्रीबुवा.
कुणी कुणाला विष घालत नाही,
कुणाची सून जिना चढताना तीनदा दाखवत नाहीत.
फार झालं तर केक करपतो.

एस्तेर नवगावकर, ससूनची निवृत्त मेट्रन.
इंग्रजी तिला यायचं.
मला पाणीपट्टीच्या पावतीपुरतं.
पहिल्या फेरीला ती हसली की मी हसायचे,
दुसऱ्या फेरीला दोघी बरोबर,
सहाव्या फेरीला मीच आधी हसले
तेव्हा म्हणाली, कुमुद, थांब गं,
अजून तो बोलायचाय.

खाली सगळी पेठ शटर ओढून झोपलेली
आणि आमच्याकडे ती न दिसणारी माणसं हसतायत.
त्यांतला एक
सगळे थांबल्यावर एकटाच हसायचा,
खोकल्यासारखा, जरा ओशाळून.
त्याला आम्ही घाटपांडे म्हणायचो.
तळमजल्यावरच्या घाटपांड्यांनाही
सगळंच उशिरा कळायचं.

तर, पाचव्या भागात
पाद्रीबुवांच्या डोक्यावर किटलीची लोकरी टोपी.
पिवळी. वर गोंडा. कानांच्या जागी दोन भोकं,
एक तोटीचं, एक कडीचं.
अख्खा भाग ती डोक्यावर,
पुलावर, चर्चमध्ये, एका मयतीलासुद्धा,
आणि कुणी विचारत नाही.
सगळ्यांना माहीत आहे.
ज्यांनी चौथा पाहिला त्या सगळ्यांना.

चौथा नेहमी गुरुवारी.

गुरुवारी दोनला ती तरीही यायची, आपला कप घेऊन.
काळ्या पडद्यासमोर बसून
चौथा भाग आम्ही तयार करायचो.
माझं म्हणणं, टोपी त्यांनी बुजगावण्याला दिली,
त्याला थंडी वाजत असेल म्हणून.
ती म्हणायची, छे, मिस टॉफमनं विणलीय,
आता किटली काय आणि डोकं काय,
प्रेमात फरक कळत नाही.
मेट्रन होती, पण बोलायची असं.
नववा आणि चौदावाही आम्ही कधी पाहिला नाही.
त्यांच्यावाचून काही अडलं नाही.

मग मुलीनं तिला अश्दोदला नेलं.
कप राहिला.

परवा वरच्या मजल्यावरचा निनाद
मोबाइल घेऊन आला. म्हणाला, काकू, सगळे भाग आहेत यात.
गुरुवारच होता,
पण मोबाइलला गुरुवार नसतो.
चष्मा पुसून बसले.
पाद्रीबुवा टोपी काउंटरवर ठेवतात.
पिल्बीम माफी मागतो, शिक्का मारतो,
आणि टोपी पार्सलनं न्यूझीलंडला जाते.
ती परत येईपर्यंत किटलीची.
एवढंच.
निनाद म्हणाला, संपलं? यात काय होतं?

संध्याकाळी फोन लावला.
एस्तेर, ऐक, टोपी पार्सलनं गेली होती.
जरा शांतता.
न्यूझीलंडला, ती म्हणाली.
तुला कसं माहीत?
अगं, इथं लागते ना, खाली हिब्रू अक्षरं येतात.
गुरुवारीसुद्धा. तीन वर्षं झाली.
आणि सांगितलं नाहीस?
तुझं बुजगावणं बरं होतं, म्हणाली,
त्याला उगाच कशाला उघडं पाडायचं.

मला राग यायला हवा होता.
पण तिच्या मागं टीव्ही चालू होता.
कुणीतरी काहीतरी बोललं,
सगळे हसले, थांबले,
आणि मग घाटपांडे.